प्रायमर न धरणारी जागा

प्रायमरचा फवाऱ्याचा डबा आधी चांगला हलवावा लागतो. आतली गोळी टकटक वाजायला लागली म्हणजे झालं असं नसतं, ती वाजायला लागल्यावरही हात दुखेपर्यंत हलवत राहायचं असतं, नाहीतर रंग तळाशी बसून राहतो आणि नोझलमधून नुसतं पाणचट काहीतरी बाहेर येतं, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकावं लागलं. बाकीच्या मुलींना सासरी गेल्यावर नवऱ्याच्या खाण्यापिण्याच्या खोडी कळतात. मला हे कळलं. माझा नवरा नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरीला होता, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेघा मारून घरी आला की हातपाय धुऊन आपल्या टेबलाशी बसायचा आणि बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची माणसं रंगवायचा. पोस्टमन, हमाल, छत्री घेतलेली म्हातारी, सायकलवाला. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही, त्यामुळे माझ्या माहेरी जावयाचं भारी कौतुक होतं, आणि बरीच वर्षं मीही त्या कौतुकात सामील होते.

ज्यांना या नादाची माहिती नाही त्यांना एवढंच सांगते, की प्लॅस्टिकवर रंग सरळ लावला तर तो धरत नाही, ओघळतो, वाळला तरी नखाने निघून येतो. म्हणून आधी करड्या प्रायमरचा एक पातळ थर फवारायचा आणि तो पुरता वाळेपर्यंत त्याच्या आसपास श्वाससुद्धा जपून सोडायचा. धूळ बसली की संपलं. बोट लागलं की संपलं. आमच्या जुन्या घरात यांची खोली बोळकंडीच्या टोकाला होती आणि तिथे कायम काही ना काही ओलं असायचं. मुलगी शाळेतून यायची ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून बोळकंडीतून धावत सुटायची, कारण तिच्या पोटात काहीतरी मावत नसायचं, आणि ती दारात पोचते न पोचते तोच हे मागे न बघता डावा हात वर करायचे आणि अगदी गोड आवाजात म्हणायचे, "थांब हं बुटके. ओलं आहे."

बुटकी थांबायची. गुणाची पोर. चौकटीवर हात ठेवून उभी राहायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, आणि मग कधीतरी मी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं तर दार रिकामं असायचं. एक वाळायचं तोवर दुसरं ओलं व्हायचं. मी यांना म्हणायचे, अहो, ती काहीतरी सांगायला आली होती, तर हे खरोखर खजील होऊन म्हणायचे, "अगं हो, आता बोलावणारच होतो." खोटं बोलत नव्हते. बोलावणारच होते.

आता ती बापापेक्षा उंच झाली तरी घरात बुटकीच म्हणवते, आणि बापाशी तिचं भांडण म्हणाल तर आजवर एकही झालेलं नाही. झालं असतं तर बरं, असं मला फार वाटतं. भांडण मिटवता येतं, रुसवा काढता येतो, दोन शब्द इकडचे तिकडचे करून आम्ही बायका जन्मभर तेच करत असतो. पण वेगळी राहायला लागल्यापासून ती यायची, बाहेरच्या खोलीत बसायची, बाबांची तब्येत विचारायची, हवेपाण्याचं बोलायची, जशी आपण शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाची विचारपूस करतो तशी, आणि निघताना यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन "येते मी" म्हणायची. दारापर्यंतच. हे तर आता, आम्ही नव्या घरात आल्यावर, आपल्याच हाताने मांडलेल्या खोलीत टेबल सोडून उठून उभे राहायचे, पुढे यायला बघायचे, "ये ना, ये ना आत" म्हणायचे, तरी तिचं पाऊल काही उंबऱ्याच्या आत पडायचं नाही. हसायची, चौकटीवरचा हात काढायची आणि जायची.

मग तिला फार लांबच्या देशात नोकरी मिळाली. बरीच वर्षं परत येणं होणार नाही, कदाचित तिकडेच राहीन, असं तिने फोनवर मला नीट समजावून सांगितलं, आणि जाण्याआधीच्या रविवारी येते, एक दिवस राहते म्हणाली. मी ते यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर टेबलावरची सगळी माणसं डब्यात भरून ठेवलेली आणि समोर पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक पत्रा, त्याच्यावर पेन्सिलीने जुन्या घराचा आराखडा. नकाशावाला माणूस, एकेक भिंत डोक्यात होती. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, बोळकंडी, टोकाची ती खोली. वरचं छप्पर उघडं ठेवायचं आणि आत तीन माणसं: मी ओट्याशी, हे खुर्चीत, आणि बुटकी यांच्या खुर्चीला खेटून, एक हात टेबलावर टेकलेला.

"दारात नाही," हे म्हणाले. "आत. टेबलाशी. आणि पक्कं वाळवून देणार आहे. तिच्या हातात देणार आणि म्हणणार, लाव हात कुठे लावायचा तिथे."

मी म्हटलं, "हे तोंडाने सांगता येत नाही का हो तुम्हाला?"

"नाही गं येत," हे म्हणाले, आणि इतक्या सरळपणे म्हणाले की माझ्या पुढच्या टोमण्याची धार गेली.

फरशीच्या चौकोनांच्या रेघा पत्र्यावर सुईने कोरून झाल्या, भिंती वेगळ्या ठेवल्या, आणि एका उन्हाच्या दुपारी मागच्या गॅलरीत मोठ्या खोक्याच्या आत पत्रा ठेवून यांनी पहिला थर मारला. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर हे चष्मा कपाळावर सरकवून पत्रा उजेडाकडे तिरपा धरून बघत होते. करडा थर सगळीकडे छान बसला होता, फक्त टोकाच्या खोलीच्या दारापाशी एक लांबट जागा पांढरीच राहिली होती. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी असेल. तिथे प्रायमरने धरलंच नव्हतं.

"तेलकट हात लागला असेल," हे म्हणाले. "माझाच."

हा दोष सगळ्यात नेहमीचा. पत्रा स्पिरिटमध्ये बुडवून सगळा थर काढला, भांडी घासायच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासला, हातमोजे घालून कोरडा केला आणि पुन्हा फवारला. पांढरी जागा तिथेच. मग हवा दमट असेल म्हणून टळटळीत उन्हाची वाट बघितली. मग डबा गार असेल म्हणून कोमट पाण्यात उभा करून ठेवला. मग डबा उलटा धरून नोझल साफ केलं, मग नोझलच बदललं. प्लॅस्टिक विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला, ज्याला हे गुरू मानतात आणि जो यांना गिऱ्हाईक मानतो. त्याने लांबून फवारा, जवळून फवारा, दोन्ही सांगितलं आणि शेवटी नवा डबा आणि नवा पत्रा घ्यायला लावला. नव्या पत्र्यावर सगळ्या रेघा पुन्हा कोरल्या. नवा डबा, नवा पत्रा, नवे हातमोजे. टोकाच्या खोलीचं दार, आणि तिथे ती जागा.

"आता मात्र कमाल झाली," मी म्हटलं. "तुमच्या प्रायमरला त्या खोलीचं वावडं आहे. मलाही होतं."

हे हसले नाहीत. भिंग घेऊन बघत होते. मग मला भिंग दिलं आणि नुसतं "कड बघ" म्हणाले. मी बघितलं. पांढऱ्या जागेच्या एका टोकाला कड रेखीव होती, पात्याने कापल्यासारखी, आणि तिथून पुढे ती जागा पसरट होत, धूसर होत करड्यात मिसळून जात होती. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केलाय, मला सांगायची गरज नव्हती. एकदा एक हमाल पत्र्यावर उभा विसरून यांनी तसाच फवारा मारला होता, तेव्हा त्याच्या मागे हुबेहूब अशीच जागा राहिली होती. फवारा एका बाजूने येतो, वाटेत कोणी उभं असलं की त्याच्या मागे रंग पोचत नाही. पायाशी कड स्वच्छ, पुढे अंधूक. सावलीच ती, फक्त उजेडाऐवजी रंगाची.

पण पत्र्यावर कोणी उभं नव्हतं. साधा सपाट पत्रा.

मी म्हटलं, राहू द्या, आपण चहा घेऊ. हे उठले नाहीत. थर काढला, या वेळी उजवीकडून फवारलं, तर पांढरी जागा डावीकडे पडली. पुन्हा काढला, डावीकडून फवारलं, तर ती उजवीकडे. रेखीव कड मात्र प्रत्येक वेळी एकाच चौकोनावर, उंबऱ्याच्या बाहेरच्या. मग यांनी एक काडी घेतली, रद्दी पत्र्यावर उभी चिकटवली, तेवढ्याच अंतरावरून फवारलं आणि सावलीची लांबी मोजून बघितली. लांब होती. काडी थोडी कापली, पुन्हा फवारलं. अजून थोडी कापली. सावली सावलीला जुळली तेव्हा हे काडी चिमट्यात धरून बराच वेळ बसून राहिले, आणि मग त्यांनी ती टेबलावर तयार करून ठेवलेल्या बुटकीच्या बाहुलीशेजारी उभी केली.

मी ओरडले नाही. माझ्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं, आणि ते मी कोणाला म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही. काडी आणि बाहुली, डोक्याला डोकं लागत होतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. मुलगी चांगली धडधाकट, आदल्याच दिवशी मी फोन केला तर बॅगा कुठल्या घेऊ म्हणून माझं डोकं खाल्लेली, आणि इथे पत्र्यावर हे काय भलतंच. मी यांना म्हटलं, टाकून द्या हे सगळं, दुसरं काहीतरी देऊ तिला, चांगलं घड्याळ घेऊ. हे म्हणाले, "फवारून बघतो एकदा." आणि त्या वेळी जी जागा पांढरी राहिली तिची रेखीव कड उंबऱ्याच्या आतल्या पहिल्या चौकोनावर होती.

यांनी माझ्याकडे बघितलं. या माणसाच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत आनंद बघितला होता, कौतुक बघितलं होतं, कंटाळा बघितला होता, पण हा चेहरा बघितला नव्हता. लहान मुलाला गर्दीत आपलं माणूस दिसावं तसा झाला होता.

"आत येतेय," हे म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरात जे चाललं होतं ते कोणी बाहेरून बघितलं असतं तर दोघांनाही वेड्यात काढलं असतं. हे थर मारायचे, वाळू द्यायचे, भिंगातून बघायचे, स्पिरिटने काढायचे आणि पुन्हा मारायचे. बाकीचं घर तसंच पडलं, भिंती रंगवायच्या राहिल्या, ओट्याशी उभी राहायची ती मी तर अजून डब्यातच होते. पण मीही काही कमी नव्हते. आधी घाबरणारी मी, आता हातातलं काम टाकून गॅलरीत जायचे आणि विचारायचे, "कुठवर आली?" आणि हे बोट दाखवायचे. कधी एक चौकोन पुढे असायची, कधी तिथेच असायची. मागे मात्र कधी गेली नाही. हे डबा हलवताना तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायचे, ते मी एकदा दाराआडून ऐकलं. "ये," म्हणत होते. "ये हळूहळू. काही ओलं नाहीये."

आणि इकडे बुटकीचे फोन यायला लागले. एरवी मी केला तर उचलणारी मुलगी, आपणहून. आधी माझ्याशी बोलायची, मग एके दिवशी म्हणाली, "बाबा काय करतायत?" मी म्हटलं, आहेत गॅलरीत, त्यांचं ते चाललंय. तर म्हणाली, "त्यांना देतेस?" मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी धावतच फोन नेऊन दिला. यांनी हातमोजा काढला, फोन कानाला लावला, आणि तिकडून काय बोलणं होत होतं ते मला कळेना, पण हे "असं?" म्हणत होते, "मग?" म्हणत होते, आणि मधेच इतक्या मोठ्याने हसले की कठड्यावरची कबुतरं उडाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "शाळेच्या घंटेत एका पाखराने घरटं केलं होतं म्हणे. म्हणून त्या दिवशी घंटा वाजवलीच नाही कोणी, आणि शाळा सुटायचीच राहिली."

"कधीची गोष्ट?"

"दुसरीत होती तेव्हाची," हे म्हणाले. "सांगायला आली होती म्हणे. पुढचं रविवारी सांगते म्हणालीये."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. दुसरीतली गोष्ट पोरीने इतकी वर्षं पोटात ठेवली होती, आणि आम्ही दोघं तिला अबोल समजत होतो.

शनिवारी दुपारी ती खुर्चीच्या अलीकडच्या चौकोनावर होती. एक चौकोन राहिला होता. यांनी थर काढून पत्रा अगदी लख्ख केला, फडक्याने पुसला, फुंकरही न मारता ब्रशने धूळ झाडली. डबा इतका हलवला की मीच म्हटलं, पुरे, गोळी झिजेल. हे हसले. दोघंही हसलो, अगदी मोकळं, पूर्वी कधी हसत असू तसं. मग यांनी पत्रा खोक्यात ठेवला, तिरपा हात धरून एका दमात फवारा मारला, डावीकडून उजवीकडे, फरशीवर कुठेही न थांबता, आणि मागे सरले.

ओला थर असा चकाकतो की कुठे धरलंय, कुठे नाही, ते लगेच दिसत नाही. मला धीर निघेना. भिंग आणायलासुद्धा थांबले नाही, यांच्या खांद्यावरून पुढे वाकले, खोक्यात डोकं घातलं, आणि माझ्या बाहीचं टोक पत्र्याच्या कडेवर लोंबायला लागलं.

यांनी मागे न बघता डावा हात वर केला.

"थांब हं," हे म्हणाले. "ओलं आहे."

मला म्हणाले ते. माझ्या बाहीला म्हणाले, फार तर. पण आवाज तोच होता, तोच गोडवा, त्यात रागाचा लवलेश नाही, आणि बोलून झाल्यावर यांचा हात वरच्या वर तसाच राहिला. आम्ही दोघंही हललो नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचं दार आपटलं. मी म्हटलं, "अहो, मला म्हणालात ना?" आणि हे म्हणाले, "हो. हो, तुलाच की," पण माझ्याकडे बघून नाही.

वाळल्यावर बघितलं. खुर्चीजवळ पांढरं नव्हतं. अलीकडच्या चौकोनावर नव्हतं, उंबऱ्यावर नव्हतं, बोळकंडीत नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करडा थर असा एकसारखा बसला होता, की त्या दुकानदाराने नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवला असता. कोरलेल्या रेघांतली एकही बुजली नव्हती. इतकं सुरेख प्रायमर यांच्या हातून आयुष्यात बसलं नसेल.

यांनी ते स्पिरिटने काढलं आणि पुन्हा मारलं. सुरेख बसलं. मग डबा न हलवता मारलं. मग मुद्दाम पत्र्यावर तेलाचं बोट फिरवून मारलं, अंगठ्याचा ठसासुद्धा उमटेल इतकं, तरी सुरेख बसलं. "ये ना," हे म्हणत होते, आणि आता तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं मोठ्याने. "अगं, तिला म्हणालो गं मी. आईला म्हणालो. तू ये." मला ते बघवेना. मी त्यांच्या हातातून डबा काढून घ्यायला गेले, तर त्यांनी दिला नाही, आणि मीही ओढला नाही. मी वाकले नसते तर, एवढंच माझ्या मनात राहून राहून येत होतं. भिंग आणायला आत गेले असते, बाही वर दुमडली असती, दोन मिनिटं दम धरला असता. आयुष्यभर त्या पोरीला दम धरायला लावला आणि नेमका मला धरता आला नाही.

रविवारी सकाळपासून मी पुढचं दार सताड उघडं ठेवलं. येणाऱ्याला बेलसुद्धा वाजवावी लागू नये म्हणून. पलंगावर धुतलेली चादर घातली, तिच्या आवडीचं सगळं केलं, झाकून ठेवलं. ती येते म्हणाली होती ती वेळ झाली आणि गेली. जिन्यावर पावलं वाजायची आणि वरच्या मजल्यावर निघून जायची. मी तिला फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. रस्त्यात असेल, मी यांना सांगितलं. हे पुढच्या खोलीत आले नाहीत. आपल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसले होते, आणि मधूनमधून डब्यातली गोळी वाजत होती.

जेवणं झाली नाहीत. उन्हं कलली, दारातून आत आलेला उजेडाचा पट्टा भिंतीवर चढला. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले आणि जिन्याकडे बघत होते, तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. तिचाच होता. मला इतकं हायसं वाटलं, की आधी रागच भरला.

"अगं, कुठे आहेस तू? सकाळपासून जीव टांगणीला लागलाय इथे."

"दारातच आहे," ती म्हणाली.

"कुठल्या दारात?"

"आपल्या गं." तिचा आवाज थकलेला होता, पण तक्रारीचा नव्हता. "मघापासून उभी आहे."

मी जिन्याकडे बघितलं. कठडा होता, समोरच्यांचं बंद दार होतं, त्यांच्या चपला होत्या, पायपुसणं होतं. मी एक पाऊल बाहेर टाकलं, जिना वर बघितला, खाली बघितला.

"बुटके, दार उघडं आहे गं," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा वाटला. "सताड उघडं आहे. ये ना आत. ये, बाळा."

"बाबांचं चाललंय ना अजून?"

"काही चाललेलं नाही. सगळं वाळलंय. तू ये."

फोनमधून टकटक असा बारीक आवाज येत होता. तोच आवाज माझ्या पाठीमागून, आतल्या खोलीतूनही येत होता.

"घाई नको करूस त्यांना," ती म्हणाली. "मी थांबते. फक्त तू जरा बाजूला सरक ना, आई. बाबा दिसत नाहीत."

मी दार धरून बाजूला झाले.